मागे कोण राहणार?



एप्रिल-मे महिना आला की सरकारी कचेऱ्यांत आणि बँकांत बदल्यांच्या याद्या फिरू लागतात. यादीत आपलं नाव आणि त्यापुढे हैदराबाद, भोपाळ किंवा कोलकाता असं काही दिसलं, की इतर ठिकाणचा माणूस आधी विचारतो, तिथे घर कुठे मिळेल? मुलांच्या शाळेचं काय? गिरगाव-लालबागचा माणूस मात्र विचारतो, मागे कोण राहणार?

आज मला बोलायचं आहे ते परराज्यात काही वर्षं काढून मुंबईला परत येणाऱ्या कुटुंबांविषयी. पण आमच्या भागात परत येण्याची तयारी निघण्याच्या आधीच करावी लागते, म्हणून सुरुवातही तिथूनच करतो.

गिरगाव, परळ, लालबाग इथल्या चाळी बहुतेक भाड्याच्या. पागडी देऊन घेतलेल्या, आजोबांच्या नावावरच्या. १९४७च्या मुंबई भाडे कायद्यानं या खोल्यांचं भाडं १ सप्टेंबर १९४० रोजी जे होतं त्याच्याशी बांधून टाकलं. भाडेकरूला त्यानं केवढा आधार दिला हे सगळे सांगतात. त्याच कायद्यातलं दुसरं कलम मात्र फक्त बदलीच्या माणसाला तोंडपाठ असतं. सबळ कारण नसताना जागा सलग सहा महिने वापरात नसेल, तर घरमालक ती परत मागण्यासाठी दावा लावू शकतो. पुढे १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २०००पासून लागू झाला, आणि ही तरतूद त्याच्या सोळाव्या कलमात जशीच्या तशी येऊन बसली. बरं, कुलूप लावायचं नाही तर निदान कुणाला भाड्यानं द्यावी, तर मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं हेही जागा जाण्याचं कारण. म्हणजे बंद ठेवता येत नाही आणि देताही येत नाही. उरतो एकच मार्ग. आपलं माणूस मागे ठेवायचं.

नोकरीतली बदली हे सबळ कारण आहे की नाही? वकिलाला विचारलंत तर तो म्हणेल, पुराव्यावर अवलंबून आहे. कुटुंबातलं कुणी राहत होतं का, येणं-जाणं होतं का, परत यायचा इरादा होता का, हे सगळं पाहिलं जातं. आणि या खटल्यांतला मोठा साक्षीदार म्हणजे बेस्टचं वीजबिल. शेजारी कुणाच्या तरी बाजूनं बोलतील, मीटर बोलत नाही. सहा महिने जवळपास शून्य युनिट दिसली, की तुम्ही इथे राहत होता हे कोर्टाला पटवताना वकिलाला घाम फुटतो. त्यामुळे बदलीवर गेलेल्यांच्या घरी कोण असायचं? रत्नागिरीहून कॉलेजसाठी आलेला पुतण्या, लग्न न झालेले काका, नाहीतर विधवा आत्या. पुतण्याला निघताना दोनच सूचना असायच्या. भाड्याची पावती दर महिन्याला घ्यायची आणि दिवे लावायचे. अभ्यास कर हे तिसरं.

१९ जुलै १९६९ला १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. शाखा देशभर वाढल्या आणि अधिकाऱ्यांच्या बदल्याही देशभर होऊ लागल्या. क्लार्कला तशी भीती नव्हती. मी स्वतः बँकेत नोकरी केली, आणि बढतीच्या परीक्षेचा अर्जच न भरणारे किती तरी हुशार सहकारी पाहिले. वरचे साहेब म्हणायचे, या गिरगावकरांना महत्त्वाकांक्षा नाही. मला हे कधीच पटलं नाही. वडील गेलेले, आई भावाकडे कल्याणला, घरात दोघं नवरा-बायको आणि मुलं. मागे ठेवायला माणूसच नाही. बढतीनं पगारात पडणारी भर एका बाजूला आणि ठाकूरद्वारची खोली दुसऱ्या बाजूला, असा तो सरळ हिशोब होता. आणि तो चुकीचा नव्हता.

आमचं जमलं, कारण आई मागे राहिली. आम्ही हैदराबादला गेलो, ती एकटी चाळीत. मागे राहणारं माणूस पुष्कळदा बाईच असतं, हे मी तेव्हा लक्षात घेतलं नव्हतं. आता परळवरून जाताना ते आठवतं. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं कुटुंब राहत असे. ही चाळ ज्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, तो १८९६च्या प्लेगनंतर, १८९८मध्ये उभा राहिलेला. बाबासाहेब १९१३च्या सुरुवातीला बडोदा संस्थानच्या नोकरीवर गेले आणि वडील आजारी असल्याचं कळल्यावर लगेच परतले. २ फेब्रुवारीला रामजीबाबा गेले. शिक्षणासाठी अमेरिका आणि इंग्लंड करून १९१७मध्ये ते पुन्हा बडोद्याला गेले. त्या वेळी काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. एवढ्या पदव्या घेऊन आलेल्या माणसाला त्या शहरात कुणी जागा देईना. पारशांच्या उतारगृहात ते राहिले, तर काठ्या घेऊन आलेल्या जमावानं त्यांना तिथूनही बाहेर काढलं. काही दिवसांतच ते मुंबईला परतले. ते परतणं बदली संपल्याचं नव्हतं, अपमानाचं होतं. पण परतायला परळची खोली होती, आणि ती होती कारण पत्नी रमाबाई आणि घरची माणसं तिथे होती. पुढे बाबासाहेब १९२० ते १९२३ लंडनला होते, तेव्हाही रमाबाईंनी परळलाच दिवस काढले, आणि ते दिवस हलाखीचे होते. त्यांच्या वेळी हा भाडे कायदा नव्हता, सहा महिन्यांचं कलम नव्हतं. तरी मागे राहणाऱ्यावर किती भार पडतो, ते यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

असो. परत येण्याकडे वळू या.

परत येताना पहिली अडचण भावनेची नसते, मापाची असते. हैदराबादला हिमायतनगरात आम्ही राहिलो ते दोन बेडरूमचं घर. वर मोकळी गच्ची. माणूस जागा मिळाली की भरतो. तिथे सोफा आला, सहा खुर्च्यांचं टेबल आलं, दोन दारांचा फ्रीज आला, मुलीला स्वतःची खोली आणि त्या खोलीत पलंग. मग परतीची ऑर्डर आली. चाळीतल्या आमच्या दोन खोल्या म्हणजे पुढची दहा बाय बारा आणि मागे स्वयंपाकघर, त्यातच मोरी. बायकोनं कागदावर खोली आखली, फर्निचरच्या मापाचे कागदाचे तुकडे कापले आणि ते एका संध्याकाळी फिरवून फिरवून पाहिले. टेबल बसलं नाही. सोफा बसला, पण मग दार उघडेना. फ्रीज खोलीत मावत होता, चाळीच्या जिन्याच्या वळणात मावत नव्हता. शेवटी टेबल, सोफा आणि पलंग तिथेच विकून टाकले. हुसेनसागर एक्सप्रेसनं दादरला उतरलो तेव्हा सामान जातानाच्या एवढंच होतं. मधल्या वर्षांत कमावलेलं सगळं तिथल्या जुन्या बाजारात गेलं होतं.

मोठ्यांना लहान जागेची सवय परत लागते. अंगात असते ती. मुलांना नाही लागत. आमच्या मुलीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, अभ्यासाला दार लावून कुठे बसू? आईनं तिला गॅलरी दाखवली. सार्वजनिक संडासाची रांग, शेजारच्यांनी न विचारता आत येणं, रात्री दहानंतरही चालू असलेल्या गप्पा, हे प्रेमाचं वाटतं ते तिथे वाढलेल्याला. चाळीचं कौतुक लिहिणारे लेखक बहुतेक चाळ सोडून गेल्यावर लिहायला बसतात, हेही लक्षात ठेवावं. मुलगी रमली, पण ते चाळीमुळे नव्हे. गणपतीच्या नाटकात तिला काम मिळालं, त्यामुळे.

शाळेचं प्रकरण वेगळंच. हैदराबादला मराठी माणसांचा संसार जुना आहे. तिथली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था १९०७ची. शिवाय जुनं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, दिवाळी अंकांची देवघेव चालते. तरी बदलीवर गेलेल्यांची मुलं बहुधा केंद्रीय विद्यालयात किंवा इंग्रजी शाळेत जातात. आता त्यात एक भर पडली आहे. तेलंगणानं २०१८मध्ये कायदा करून शाळांत तेलुगू सक्तीची केली, महाराष्ट्रानं २०२०मध्ये मराठी. हेतू दोन्हीकडे रास्त आहे, माझा विरोध नाही. पण बदलीवरचं मूल तिथे तेलुगूचं 'अ आ' गिरवून येतं आणि इथे पाचवी-सहावीत मराठीच्या वर्गात इतरांच्या दोन वर्षं मागे बसतं. घरी मराठी बोलणारं मूल वाचायला अडखळतं, तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटते. अशा मुलांसाठी शाळेत वर्षभर वेगळा तास ठेवला पाहिजे, असं माझं मत आहे. दादर-गिरगावात निवृत्त शिक्षकांची काही वाण नाही.

बदलीच्या घरांत आणखी एक नियम पाळला जातो, तो कुठे लिहिलेला नाही. दहावीच्या आत परत. कारण वैद्यकीय प्रवेशाला राज्याच्या कोट्यातून जागा हवी तर साधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते आणि अधिवासाचा दाखला लागतो. केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांना काही सवलती आहेत, खासगी नोकरीवाल्यांची मात्र धावपळ उडते. मूल आठवीत गेलं की आईच्या बोलण्यात मुंबईचा उल्लेख वाढतो. बाबांनी बदलीचा अर्ज केला नाही, तर आई आणि मुलं पुढे येतात, बाबा मागून.

गाडीची भानगड थोडक्यात सांगतो. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, तिथला कर भरावा लागतो. परत येताना तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला, इथे पुन्हा कर, आणि तिथल्या उरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज. २०२१पासून 'बीएच' मालिकेचे नंबर निघाले. सरकारी नोकरांना, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांच्या नोकरांना ते मिळतात. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा. बदलीवाल्यांसाठी इतकं सोयीचं काम सरकारनं क्वचित केलं आहे. मतदारयादीतला पत्ता बदलायला आता आठ नंबरचा फॉर्म आहे, तोही घरबसल्या भरता येतो.

आणि परत येऊन पाहावं तर आपला परिसर जागेवर नसतो. अलीकडे परतलेल्या एका कुटुंबानं टॅक्सीवाल्याला एल्फिन्स्टनचा पूल घ्यायला सांगितलं. तो पूल सप्टेंबर २०२५मध्ये पाडायला घेतला आहे आणि स्टेशनचं नाव २०१८पासूनच प्रभादेवी आहे. गिरगावात मेट्रोच्या खोदकामासाठी इमारती गेल्या, तिथली माणसं गेली, आणि ऑक्टोबर २०२५पासून जमिनीखालून गाडी धावू लागली. ज्या गिरण्यांत आजोबा पाळीला जात, त्या परळच्या जागांवर आता नातवाचं ऑफिस आहे, आणि कंपनी त्याची बदली बंगळुरूला करते आहे.

एक गोष्ट मात्र जरा कडूच आहे. आमच्या चाळीतून हैदराबाद, भोपाळ, बडोद्याला गेलेली कुटुंबं बहुतेक परतली. पण गिरगाव-परळच्या मोडकळीला आलेल्या इमारतींतून संक्रमण शिबिरात गेलेली किती तरी कुटुंबं याच मुंबईत असून वर्षानुवर्षं परतलेली नाहीत. जाताना काही वर्षांचा वायदा होता, तिथे मुलांची लग्नं झाली. त्यामुळे १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा आमच्याकडे लोक ती बातमी पुन्हा पुन्हा वाचत होते. एकशे साठ चौरस फुटांतून पाचशे चौरस फुटांत, आणि त्याच जागी.

आमच्या भागातल्याही काही इमारती आता नव्या झाल्या. भाडेकरूचा मालक झाला. मालकाच्या घराला सहा महिन्यांचं कलम लागत नाही. ते बंद ठेवा, भाड्यानं द्या, कुणी विचारत नाही. त्यामुळे यंदा आमच्या शेजारच्या मुलाची हैदराबादला बदली झाली, तेव्हा मागे कोण राहणार हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. त्यानं आईला सोबत नेलं आणि घर अकरा महिन्यांच्या करारानं दिलं. गिरगावातल्या त्या घराच्या भाड्यात हैदराबादला तीन बेडरूमचं घर येतं, वर पैसे उरतात. परत कधी येणार, असं परवा फोनवर विचारलं. म्हणाला, काका, हा करार संपला की बघू. मागाहून चौकीदाराकडून कळलं, करार गेल्याच महिन्यात वाढवला आहे.