रजोनिवृत्ती : 'नैसर्गिक' म्हणजे नेमकं काय?

(मंडळाच्या महिला आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो, आणि धीर करून आलेल्या चार-पाच पुरुष मंडळींनो!

मंडळाने मला विषय दिला आहे 'रजोनिवृत्ती आणि नैसर्गिक उपाय'. यातला पहिला शब्द आपण चारचौघांत उच्चारत नाही. दुसरा इतका सहज उच्चारतो की त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. आज दोन्हींबद्दल मोकळेपणाने बोलू.

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं डॉक्टर म्हणतात. पण त्रास त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. पाळी मागेपुढे होते, अचानक अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, रात्री घामाने जाग येते, चिडचिड होते, सांधे दुखतात, नावं आठवत नाहीत. इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग फार हळवा होतो. जराशी ऊब वाढली तरी तो 'आग लागली' म्हणून घंटा वाजवतो. म्हणून जानेवारीत बायको खिडकी उघडते, नवरा आणखी एक ब्लँकेट ओढून घेतो, आणि थर्मोस्टॅटवरून महाभारत सुरू होतं. पुरुष मंडळींनो, हे ढोंग नाही बरं का!

अमेरिकेत पाळी जाण्याचं सरासरी वय ५१ आहे, भारतात ते ४६-४७ च्या आसपास. त्यामुळे त्रेचाळीस-चव्वेचाळिसाव्या वर्षी ही लक्षणं दिसली तर 'इतक्यात कसं शक्य आहे' म्हणून गप्प बसू नका. मात्र चाळिशीच्या आत पाळी गेली तर डॉक्टरांकडे जायलाच हवं.

या देशात रजोनिवृत्तीचा एक मोठा अभ्यास १९९० च्या दशकात सुरू झाला. 'स्वान' हे त्याचं नाव. त्यात ३,३०० स्त्रिया होत्या : गोऱ्या, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, चिनी आणि जपानी वंशाच्या. आपण त्यात नव्हतो. त्यातून २०१५ साली एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. ज्यांना वारंवार हॉट फ्लॅशेस येतात, त्यांच्यातल्या निम्म्या बायकांना ते सात वर्षांहून अधिक काळ येत राहतात. 'होईल चार महिन्यांत कमी, आमच्या वेळी कुठे होतं असलं काही' हे जे आपण ऐकत आलो, ते तितकंसं खरं नाही. आई-आत्यांच्या वेळीही होतं, त्या फक्त बोलत नव्हत्या.

आता 'नैसर्गिक' या शब्दाकडे येऊ. आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक म्हणते, 'हे निसर्गाचंच आहे, सोसायचं.' दुसरी म्हणते, 'गोळ्या नकोत, काहीतरी नॅचरल सांगा,' आणि मग कपाटात सहा बाटल्या जमतात. मला आज एवढंच सांगायचं आहे : कोणता उपाय कशासाठी आहे, हे आधी ओळखा.

व्यायामापासून सुरुवात करते. योग आणि चालण्याने हॉट फ्लॅशेस कमी होतात का, हे इथे चाचण्या घेऊन तपासलं गेलं. २०१४ साली निकाल आले : फ्लॅशेसमध्ये लक्षणीय फरक पडला नाही, पण झोप सुधारली. २०२३ साली मेनोपॉज सोसायटी या इथल्या तज्ज्ञांच्या संस्थेने हॉर्मोनविरहित उपायांचा आढावा घेतला. हॉट फ्लॅशेससाठी त्यांनी योग, व्यायाम, सोया आणि ब्लॅक कोहोशसारखी सप्लिमेंट्स सुचवली नाहीत. सुचवलं ते वेगळंच : कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, प्रशिक्षित तज्ज्ञाकडून संमोहन, वजन जास्त असेल तर ते कमी करणं, आणि काही औषधं.

मग चालणं सोडायचं का? मुळीच नाही! रजोनिवृत्तीचा जो भाग आपल्याला जाणवत नाही, त्याच्यासाठी चालायचं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं सगळ्यात वेगाने झिजतात. कोलेस्टेरॉल वाढतं, चरबी पोटावर जमते. आपल्या दक्षिण आशियाई लोकांना मधुमेह आणि हृदयविकार तसेही लवकर गाठतात. म्हणून इथली डायबेटिस असोसिएशन आपल्यासारख्या आशियाई वंशाच्या लोकांना, मधुमेहाचा आणखी एखादा धोका असेल, तर बीएमआय २३ झाला की साखर तपासायला सांगते. बाकीच्यांसाठी हा आकडा २५ आहे. 'मी तर बारीक आहे' या भरवशावर राहू नका.

आठवड्याला दीडशे मिनिटं भराभर चालणं आणि दोन दिवस वजनाचा व्यायाम, एवढं ठरवून घ्या. वजनं म्हटली की आपण हसतो. पण दहा किलोची तांदळाची गोणी गाडीतून घरात आणणाऱ्या बाईला पाच पौंडांचं डंबेल काय जड?

खाण्याचं बघू. पन्नाशीनंतर बाईला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. एक कप दुधात किंवा दह्यात साधारण ३०० असतं. नाचणीची भाकरी, तीळ, पालेभाज्या, टोफू यांतूनही ते मिळतं. शाकाहारी ताटात कमतरता असते ती प्रथिनांची. वरणभात-भाजीत डाळ पळीभरच असते. ती दुप्पट करा. मोडाची उसळ, पनीर, दही वाढवा, भात थोडा कमी करा. संध्याकाळचा तिसरा चहा आणि वाइन यांनी झोप बिघडते का, हे दोन आठवडे लिहून बघा.

आता त्या सहा बाटल्या. या देशात १९९४ च्या कायद्याप्रमाणे सप्लिमेंट बाजारात आणण्यापूर्वी ते सुरक्षित आणि गुणकारी आहे हे एफडीएला सिद्ध करून दाखवावं लागत नाही. २००४ साली बॉस्टनच्या आसपासच्या देशी दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक औषधं प्रयोगशाळेत तपासली गेली. त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. शिसं हाडांत साठतं, आणि हाडं झिजू लागली की पुन्हा रक्तात येतं. म्हणजे नेमकं याच वयात! आयुर्वेदावर माझा राग नाही. पण सुटकेसमधून आलेली, लेबल नसलेली पुडी 'झाडपाल्याची आहे' म्हणून निर्धोक होत नाही. जे काही घेत असाल ते डॉक्टरांना सांगा. अश्वगंधासुद्धा. तिने काहींच्या यकृताला आणि थायरॉइडला त्रास झालेला आहे.

आणि हॉर्मोन्स? जुलै २००२ मध्ये 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या चाचणीतला दोन हॉर्मोन्स एकत्र देण्याचा भाग मध्येच थांबवला गेला आणि सगळीकडे घबराट पसरली. स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण वर्षाला दहा हजार बायकांमागे ३० वरून ३८ वर गेलं होतं. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे मात्र आपल्यापर्यंत पोचलं नाही. आज तज्ज्ञांचं मत असं आहे की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास खूप असेल आणि इतर अडचण नसेल, तर बहुतेकींना हॉर्मोन्सचा फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये एफडीएनेही या औषधांवरचे जुने ठळक इशारे काढण्याचं जाहीर केलं. ज्यांना स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गाठी किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, त्यांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांशी नीट बोलावं. ज्यांना हॉर्मोन्स नको असतील त्यांच्यासाठी हॉट फ्लॅशेसवरची नवी औषधं २०२३ पासून आली आहेत. त्यांतल्या काहींबरोबर यकृताची तपासणी करावी लागते.

हॉर्मोन्स घ्याच असं मी सांगत नाही. रात्र रात्र झोप नसताना, नोकरी आणि घर सांभाळताना 'नैसर्गिक' या एका शब्दासाठी दहा वर्षं घालवू नका, एवढंच सांगते.

आता कामाचं. डॉक्टरांची पुढची अपॉइंटमेंट पंधरा मिनिटांची असेल, तेव्हा कागद लिहून न्या. पाळी शेवटची कधी आली, रात्री किती वेळा जाग येते, आईच्या किंवा आजीच्या खुब्याचं हाड मोडलं होतं का, घरात मधुमेह आणि हृदयविकार कोणाला आहे. थायरॉइड आणि बी-१२ तपासायचं का ते विचारा, कारण थकवा त्यांच्यामुळेही येतो. हाडांची तपासणी ६५ व्या वर्षी सगळ्यांची होते. धोका असेल तर आधी मागा. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी फोन त्याच आठवड्यात करा. बहुतेक वेळा काही गंभीर नसतं, पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं.

या दिवाळीत भारतात फोन कराल तेव्हा फराळाची चौकशी झाल्यावर आईला विचारा, 'तुझी पाळी कितव्या वर्षी गेली गं? तुला काय काय झालं?' पहिल्यांदा ती 'कशाला गं हवंय तुला' म्हणेल. जरा थांबा. ती सांगेल. आणि आज रात्री घरी गेल्यावर तुमच्या वयात येणाऱ्या मुलीसमोरही हा विषय काढा. तिला पुढे हे भाषण ऐकायला लागू नये!

आता प्रश्न विचारा, लाजू नका.