दोन स्वयंपाकघरांच्या मधले अकरा तास

(सोलापूर येथे स्त्रियांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मला परदेश प्रवासाचे अनुभव सांगायला उभे केले आहे. पण मी काही हौसेने परदेशी गेले नव्हते, लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. २०२४ च्या मे महिन्यात सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई, तिथून विमानाने इस्तंबूल, तिथे विमान बदलून अमेरिका. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातून निघायचे आणि लेकीच्या स्वयंपाकघरात उतरायचे. मध्ये इस्तंबूलला दिवसाचे अकरा तास थांबायचे होते. मी त्या अकरा तासांबद्दलच बोलणार आहे.

आपल्या वयाची बाई एकटी निघाली की मुले काय करतात? तिच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवतात. गुडघे दुखतात म्हणून नव्हे, तर आईला इंग्रजी येत नाही, ती वाट चुकेल म्हणून. मुंबई विमानतळावर पाहा, धडधाकट बायका ओळीने खुर्च्यांत बसलेल्या असतात. मी मुलांना नावे ठेवत नाही. युक्ती सोयीची आहे आणि तिच्यामुळे कितीतरी जणी सुखरूप पोचतात. पण त्या खुर्चीतून नेऊन तुम्हाला एका कोपऱ्यात ठेवतात आणि पुढचा माणूस येईपर्यंत तिथेच बसायचे. लघवीला जायचे तरी कुणाला विचारावे, असा प्रश्न पडतो.

माझ्या लेकीनेही खुर्ची सांगितली होती. मी ती रद्द करायला लावली. त्यावर फोनवर आमचे भांडण झाले. “आई, तू तिथे गेटपाशीच बस, बाहेर पडू नकोस,” असे ती म्हणाली. तीस वर्षांपूर्वी सहलीला जाताना मी तिला हेच सांगत होते!

मला बाहेर का पडायचे होते, तेही सांगते. मी शाळेत इतिहास शिकवत असे. दरवर्षी फळ्यावर लिहायचे : १४५३, तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले. मुले ते सन पाठ करायची, मीही केले होते. कॉन्स्टँटिनोपल म्हणजेच आजचे इस्तंबूल. ज्या गावाचे नाव शेकडो वेळा फळ्यावर लिहिले आणि पुसले, त्याच्या दारात अकरा तास नुसते बसून राहायचे, हे मला पटेना.

भारतीय पासपोर्टवर तुर्कस्तानात शिरायला व्हिसा लागतो. पण अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर तो घरबसल्या संगणकावर मिळे. पैसे भरले, कागद छापून घेतला. शिक्का मारून घेणे, विमानतळाच्या बसने जुन्या शहरात जाणे, परत येणे, उड्डाणाआधी तीन तास हजर राहणे, हे सगळे वजा केले तेव्हा हातात चार तास उरले.

त्यांतला बहुतेक वेळ मी आयासोफियात घालवला. सम्राट जस्टिनियनने हे चर्च ५३७ साली पुरे केले. १४५३ नंतर ती मशीद झाली, १९३५ साली संग्रहालय म्हणून उघडली आणि २०२० साली पुन्हा मशीद झाली. जानेवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना पंचवीस युरोंचे तिकीट पडू लागले. म्हणजे सव्वादोन हजार रुपये झाले. काळजात धस्स झाले, पण दिले. तिकीट काढून आलेल्यांना खाली नमाजाच्या जागेत सोडत नव्हते, वरच्या सज्जात नेत होते. तिथे पायऱ्या नाहीत, दगडी उतरंडीसारखी वळणावळणाची चढण आहे. व्हीलचेअरवाली मी ती चढून गेले.

आणि हा सज्जा कोणता? चर्च होते तेव्हा बायकांनी उपासनेला उभे राहायचे, तो. राणीच्या आसनाची जागाही तिथेच, हिरव्या गोल दगडाने दाखवलेली. पुरुष खाली, मध्यभागी आणि बायका वर, कडेला. आता सगळ्या जगाचे पाहुणे, पुरुषसुद्धा, त्या बायकांच्या जागेवरून खाली वाकून बघत होते. मला गंमत वाटली. पण दुसऱ्याच्या देवळाला हसायचा अधिकार आपल्याला कुठे आहे? शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांना २०१६ साली मोकळा झाला आणि हाजी अलीच्या दर्ग्यातली आतली जागाही त्याच वर्षी. दोन्हीकडे बायकांना न्यायालयात जावे लागले.

जस्टिनियनची राणी थिओडोरा ही आधी रंगमंचावर काम करणारी बाई होती. म्हणजे आपल्याकडे तमाशातल्या बाईकडे जसे बघतात तसे तिच्याकडे बघत. वरच्या वर्गातल्या पुरुषाला अशा बाईशी लग्न करायला कायद्याने मनाई होती. तो कायदा बदलून हे लग्न झाले. पुढे ५३५ साली, गरीब मुलींना फसवून वेश्याव्यवसायात ढकलणाऱ्या दलालांविरुद्ध कायदा झाला. त्याच काळातल्या इतिहासकाराने मात्र तिच्याबद्दल अर्वाच्य लिहून ठेवले आणि आजही लोकांना तेच आधी आठवते.

सज्जाच्या टोकाला राणी झोईचे चित्र आहे, रंगीत तुकड्यांचे. राज्य तिच्या घराण्याचे होते. तिच्याशी लग्न केल्याने एकामागून एक तिघे सम्राट झाले. चित्रात शेजारी नवरा आहे, आणि नवरा बदलला तसे त्याचे डोके आणि नाव खरवडून नवे बसवलेले आहे. आपल्याकडे लग्न झाले की बाईचे नाव बदलते. इथे राणीचे नाव तसेच राहिले आणि नवऱ्याचे बदलले! मी एकटीच मोठ्याने हसले. १०४२ साली झोईला राजवाड्यातून हाकलून मठात टाकले, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि तिला परत आणले. त्यात बायकाही होत्या, असे त्या काळच्या लेखकाने नोंदवले आहे. माझ्या पाठ्यपुस्तकात ती ओळ नव्हती.

बाहेर बाकावर बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. समोरच्या दुकानात टॉवेल टांगलेले. आपण सोलापूरकर ज्याला टर्किश टॉवेल म्हणतो ते. एकोणिसाव्या शतकात एका इंग्रजाने तुर्कांच्या बुर्सा गावी असे फासे काढलेले कापड पाहिले आणि नंतर ते यंत्रावर निघू लागले. माझी आई घरी मागासाठी कांड्या भरायची. टॉवेल विणणाऱ्याचा, विकणाऱ्याचा असतो. कांडी भरणारीचे नाव सोलापुरात कुणी घेत नाही, तिथे तरी कोण घेणार? मी एक विकत घेतला. महाग पडला.

परतीच्या बसमध्ये शेजारी एक तरुण मुलगी होती. आपल्या गटात आपण ‘इस्तंबूल करार’ वाचला होता, आठवतो? स्त्रियांवरील हिंसा रोखण्याचा युरोपातला करार. ११ मे २०११ रोजी याच शहरात तो सह्यांसाठी खुला झाला. त्याला सगळ्यांत आधी मान्यता देणारा देश तुर्कस्तान. आणि २०२१ साली एका रात्रीत, राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने, त्यातून बाहेर पडणाराही तुर्कस्तानच. कारण काय दिले? कुटुंबाच्या मूल्यांना धक्का बसतो. ४९८-अ बद्दल आपण किती वर्षे हेच ऐकले!

फोनवरच्या भाषांतराच्या सोयीतून मी तिला त्याबद्दल विचारले. आधी तिने मागे वळून बसमध्ये कोण आहे ते पाहिले. मग बोटांनी भराभर लिहिले. करार गेला, पण २०१२ चा घरगुती हिंसेविरुद्धचा कायदा, क्रमांक ६२८४, अजून आहे, आणि आता तो तरी राहू दे म्हणून आम्ही भांडतो. ८ मार्चच्या रात्री बायकांचा मोर्चा निघतो, त्याला पोलीस अडवतात, तरी ती जाते. मग तिने मला विचारले, तुमच्याकडे? मी आपल्या २००५ च्या कायद्याबद्दल लिहिले आणि संरक्षण अधिकारी गाठताना काय होते तेही लिहिले. तिने मान डोलावली. विमानतळ आला.

लेकीकडे पोचल्यावर दुसऱ्या दिवसापासून डिंकाचे लाडू, बाळाची आंघोळ, रात्रीची जागरणे. पाच महिने. त्याची तक्रार नाही, नातीचे होते. येतानाचे तिकीट काढायला लेक बसली तेव्हा तिने विचारले, “आई, व्हीलचेअर?” मी म्हटले, “ती नको. मध्ये दहा-बारा तास ठेव. आणि व्हिसा नवा लागेल, पहिला एकदाच चालतो.”