रक्तातील हमाल



कामगार चळवळीतल्या माणसाने चरबीवर व्याख्यान द्यावे, याचे काहींना नवल वाटेल. पण भिवंडीत आम्ही यंत्रमागावरच्या माणसांत वावरतो. चाळिशीतला काटकुळा कामगार छातीत कळ येऊन जातो आणि शेजारी म्हणतात, याच्या अंगावर मांस नाही, याला कसला हृदयविकार? तो तर शेटजींचा रोग! या समजुतीपायी माणसे जातात, म्हणून आम्ही हा विषय घेतला.

तेल पाण्यात मिसळत नाही, हे भगिनींना सांगायला नको. रक्त म्हणजे बरेचसे पाणीच. तेव्हा कोलेस्टेरॉल हा स्निग्ध पदार्थ रक्तातून न्यायला प्रथिनांचे हमाल लागतात. आपल्या गोदामांचेच पाहा ना. माल उतरवून घेणारा दारात नसेल, तर गाड्या रस्त्यावर तुंबतात. एलडीएल नावाच्या गाड्यांतला माल उतरवून घेणारे प्रथिन मुख्यतः यकृताच्या पेशींवर असते. त्याचा शोध ब्राऊन आणि गोल्डस्टीन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी लावला; १९८५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे प्रथिन जन्मतः कमी किंवा सदोष असले, की गाड्या रक्तात फिरत राहतात आणि माल धमन्यांच्या भिंतींत साचतो. जगात साधारण २५० ते ३०० माणसांमागे एकाला असा आनुवंशिक दोष असतो. तो खाण्यापिण्यातून येत नाही, आईकडून वा बापाकडून येतो.

अंगकाठीवरून पारख होत नाही, याचा दाखला पुण्याचाच आहे. तेथील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यूडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे. मात्र यूडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! आणि रक्तात किती गाड्या तुंबल्या आहेत, हे तर छायाचित्रातही दिसायचे नाही. त्याला रक्ताचीच तपासणी हवी.

म्हणून घरातला कर्ता पुरुष ऐन उमेदीत हृदयविकाराने गेला, तर दिवसकार्य आटोपल्यावर त्याच्या भावंडांचे आणि मुलांचे रक्त तपासून घ्या. दोष एकाच पालकाकडचा असला, तरी प्रत्येक मुलाला तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. स्टॅटिन जातीच्या गोळ्यांनी यकृतावर माल उतरवणारे हात वाढतात. डॉक्टरांनी त्या दिल्या, तर बरे वाटते म्हणून मध्येच सोडू नका.

वर्षातून एकदा रक्ततपासणी, हे कलम आम्ही मागणीपत्रात घातले तेव्हा एका मालकाने विचारले, धडधाकट माणसांची कसली तपासणी? आम्ही म्हटले, शेटजी, त्याच दिवशी तुमचेही रक्त तपासून घेऊ.