पाचवे शील आणि आपली डबी
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मला विषय दिला गेला ‘स्त्रिया आणि व्यसनमुक्ती’. निरोप घेऊन आलेल्या ताई म्हणाल्या, नवऱ्यांच्या दारूवर बोला. मी म्हटलं, त्यावर आपण दरवर्षीच बोलतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या आयाआज्यांना बजावलं होतं की, नवरा असो की मुलगा, दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका. ते आजही खरं आहे. पण आज मला नवऱ्याच्या बाटलीवर नाही, आपल्या कनवटीच्या डबीवर बोलायचं आहे.

होय, मशेरी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना लावायची. मी अकरा वर्षांची असताना दाढ दुखली म्हणून आजीने लावायला दिली. दाढ पडली, मशेरी राहिली. पुढे सकाळी नळावर एकदा, स्वयंपाक झाल्यावर एकदा, दुपारी, रात्री, असं करत दिवसाला सहा-सात वेळा. याला कुणी व्यसन म्हणत नव्हतं. म्हणायचे, दात घासते.

मुंबई शहरात ९९,५९८ माणसांची एक पाहणी झाली, ती १९९६ साली प्रसिद्ध झाली. वय वर्षे ३५ आणि पुढचे. त्यात ५७.५ टक्के स्त्रिया कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणाऱ्या निघाल्या, आणि त्यांत विडी-सिगारेटवाल्या अगदी नगण्य. जुना आकडा आहे, शहराचा आहे, आपल्या उपनगरांचा नाही. पण आपल्या चाळी-वस्त्या डोळ्यांपुढे आणा आणि मनाशी हिशोब करा. २००४ साली मुंबईतल्याच १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मशेरी-तंबाखू लावणाऱ्या आईचं बाळ सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाचं भरलं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मी मशेरी लावत होते. ते मी आता बदलू शकत नाही.

दर रविवारी मी इथे पंचशील म्हणत होते. पाचवं शीलही म्हणत होते, खणखणीत आवाजात, आणि डबी कमरेला. मनात पक्कं बसलेलं की हे शील पुरुषांसाठी आहे. तसं पाहिलं तर पाली शब्दांत तंबाखू नाहीच. तंबाखू या देशात पोर्तुगीजांबरोबर आली, तथागतांच्या नंतर दोन हजार वर्षांनी. तेव्हा कुणी वाद घातला तर तो जिंकेल. पण जे घेतल्यावाचून हात चालत नाही, जे मिळालं नाही तर पोरांवर ओरडायला होतं, त्याला प्रमादाचं कारण नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

सोडायचं ठरवलं तेव्हा माझ्या मुलीने एका कागदावर वाक्यं लिहून आरशाला चिकटवली. मी निरोगी आहे, मी आनंदी आहे, माझं मन पोलादी आहे. रोज सकाळी मोठ्याने वाचायची. पोरीची माया होती ती. पण काय सांगू, मी वाचायची आणि आतून कुणीतरी म्हणायचं, खोटारडी! चार दिवसांत कागद काढला आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त लावली.

यात माझंच काही चुकलं असं मला वाटत होतं. पुढे कळलं, कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली हेच तपासून पाहिलं. स्वतःबद्दल ज्यांचं मत आधीच वाईट आहे त्यांना स्वतःची स्तुती करणारं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, तर त्यांना बरं वाटण्याऐवजी अधिक वाईट वाटलं. आणि व्यसनात अडकलेल्या बाईचं स्वतःबद्दलचं मत चांगलं असेल कसं?

मग वर्षावासात भन्तेजींनी मज्झिम निकायातलं अंगुलिमाल सुत्त सांगितलं. अंगुलिमाल भिक्खू झाल्यावर भिक्षेला गेला, तिथे एक बाई बाळंतपणात अडलेली पाहिली. तथागतांनी त्याला सांगितलं, जा, तिला म्हण, जन्मापासून मी जाणूनबुजून जीव घेतलेला नाही, या सत्याने तुझं भलं होवो. तो म्हणाला, भगवन, हे तर खोटं होईल. तेव्हा तथागतांनी वाक्य बदलून दिलं: आर्य जन्म घेतल्यापासून, म्हणजे भिक्खू झाल्या दिवसापासून, घेतलेला नाही. वाक्याने बाळंतपण सुटतं का, तो भाग बाजूला ठेवा, आपण चमत्कार मानत नाही. मला लागलं ते वेगळंच. ज्याने माणसं मारली त्यालाही म्हणता येईल असं खरं वाक्य होतं. फक्त ते कुठून मोजायचं ते ठरवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी माझं वाक्य केलं. ‘आज नळावर मी मशेरी लावली नाही.’ एवढंच. निरोगी नाही, आनंदी नाही. पण खरं! आतून कुणी खोटारडी म्हणालं नाही. आठवड्याने दुसरं वाक्य जोडलं, दुपारचं. दोनदा मोडलं. तेव्हा भन्तेजींनी समजावलं की शील म्हणजे सिक्खापद, शिकण्याची पायरी. आपण ‘मी शुद्ध आहे’ म्हणत नाही, ‘हा नियम मी शिकण्यासाठी घेते’ म्हणतो. मोडला तर पुन्हा घ्यायचा. म्हणून तर दर रविवारी घेतो, नाही तर एकदा घेऊन भागलं असतं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. सतरावी दारूची. आपल्या मराठीत ‘मी पिणार नाही’ हे बाईने म्हटलं काय नि पुरुषाने म्हटलं काय, सारखंच. ती बायकांनाही तेव्हाच दिलेली आहे.

कारण दारू पिणाऱ्या बायकाही आपल्यात आहेत. कुजबुजू नका, आहेत. पुरुष पितो तेव्हा त्याला घरचे दवाखान्यात नेतात. बाई पिते तेव्हा तिला कोंडतात किंवा माहेरी धाडतात. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली सुरू झालं, तिथे स्त्रियांसाठी वेगळा विभाग ‘निशिगंध’ २००९ मध्ये निघाला. मधल्या तेवीस वर्षांचा अर्थ तुम्हीच लावा. अमेरिकेत जीन कर्कपॅट्रिक नावाच्या बाई स्वतः दारूतून बाहेर आल्या आणि १९७५ मध्ये त्यांनी फक्त स्त्रियांची संघटना काढली. रोज सकाळी म्हणायची तेरा वाक्यं दिली. त्यांचं म्हणणं, बाईला तिची लाज पुरेशी सांगून झालेली असते, आता तिची किंमत तिला सांगा.

एक मात्र गंभीरपणे ऐका. रोज भरपूर पिणाऱ्या बाईने वाक्य म्हणून एका दिवसात दारू तोडू नये. हातपाय थरथरतात, फिट येते, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग वाक्य. मशेरी सोडणाऱ्यांसाठी सरकारचा मोफत फोन आहे, १८००-११-२३५६.

तर महिला मंडळापुढे माझी सूचना अशी. रविवारच्या वंदनेनंतर पंधरा मिनिटं, भांडी ठेवतो त्या मागच्या खोलीत, फक्त बायका. प्रत्येकीने त्या आठवड्याचं एक खरं वाक्य म्हणायचं. मोडलं असेल तर ‘मोडलं’ हेही खरं वाक्यच आहे. कुणी उपदेश करायचा नाही, घरी जाऊन सांगायचं नाही. येत्या रविवारी मी तिथे बसणार आहे. पहिलं वाक्य माझं.

नमो बुद्धाय. जय भीम.