नवी भाषा आणि तिचे अधिष्ठान
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील अनेक मुलेमुली आज संगणकाच्या व्यवसायात शिरत आहेत. त्यांना व त्यांच्या पालकांना वारंवार पडणारा एक प्रश्न आम्ही विचारार्थ घेतला आहे. प्रोग्रामिंगची नवी भाषा शिकावयाची, तर ती ज्या पायावर उभी आहे तो आधी संपूर्ण आत्मसात केलाच पाहिजे काय?

उदाहरणादाखल कोटलिन घेऊ. जेटब्रेन्स कंपनीने ती २०११ मध्ये जगापुढे मांडली. पहिली पक्की आवृत्ती २०१६ मध्ये निघाली आणि २०१७ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी तिला अधिकृत मान्यता दिली. परंतु ही भाषा पोकळीत जन्मली नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जावा भाषेचे जे आभासी यंत्र, त्यावर चालण्यासाठीच ती प्रथम घडविली गेली. जावाच्या असंख्य लायब्रऱ्याही तिला आयत्या लाभल्या.

यावर एक पक्ष म्हणतो, आधी दोन वर्षे जावा घोटा. दुसरा म्हणतो, पायाकडे पाहण्याचे कारणच नाही. आमच्या मते दोन्ही मते एकांगी आहेत.

पहिल्या मताने होतकरू विद्यार्थ्याचा धीर खचतो. त्या यंत्राची स्मृतिव्यवस्था व अंतर्गत रचना हा तज्ज्ञांच्या अनेक वर्षांच्या अभ्यासाचा विषय आहे. बिऱ्हाड करणाराने इमारतीच्या पायाचे गणित शिकण्याची गरज नसते. मात्र पाण्याची मुख्य चावी कोठे आहे, हे त्यास ठाऊक असावे लागते.

अशा चाव्या कोटलिनमध्येही आहेत. रिकामे मूल्य, म्हणजे 'नल', कोठे येऊ शकते हे ही भाषा आधीच लिहावयास लावते व पुष्कळ चुका टाळते. परंतु जावात लिहिलेल्या लायब्ररीकडून आलेल्या मूल्याविषयी तशी नोंद नसेल, तर ती हमी तेथे संपते आणि चालू कार्यक्रम कोसळू शकतो. तसेच दोषाचा अहवाल खालच्या यंत्राच्या परिभाषेत येतो. 'मेन' नावाच्या फाइलीत सुटे फंक्शन लिहिले, तर अहवालात 'मेन-केटी' असा वर्ग दिसतो. तो आपण कधी लिहिलेलाच नसतो! तिसरे असे की, अक्षरांची यादी आणि अंकांची यादी हा भेद त्या यंत्रास चालू स्थितीत सामान्यतः कळत नाही. हे ज्यास ठाऊक नाही, तो निर्दोष ओळींत रात्रभर दोष शोधीत बसतो. आणि नोकरीत नवख्या असलेल्या मुलास अशी एक रात्र फार महाग पडते.

यास्तव तरुणांना आमचे सांगणे असे की, पहिल्या दिवसापासून नव्या भाषेत लिहू लागा. अडचण येईल तेथे एकच पायरी खाली उतरा, कारण समजून घ्या, ते वहीत टिपा आणि पुन्हा वर या. अशा वीसपंचवीस टिपणांनी पायाची जी ओळख होते, ती कामापुरती व टिकाऊ असते. पालकांनीही महागड्या वर्गाची फी भरण्यापूर्वी, तेथे दोषाचा अहवाल वाचावयास शिकवितात काय, एवढे अवश्य विचारावे.

आपल्या ज्ञातीत या धंद्यात मुरलेले बंधुभगिनी आहेत. त्यांनी आठवड्यातून एक तास नवशिक्यांसमवेत बसून असे अहवाल वाचले, तर परगावच्या मुलांस फार मोठा आधार होईल. मंडळाने ही सोय याच वर्षी करावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.