भवानी तलवार : कथा आणि शस्त्र



कोजागिरीच्या सुमारास सोलापुराहून तुळजापुराकडे जाणारी वाट माणसांनीं फुलून जाते. सुमारें ४५ किलोमीटरांचें हें अंतर हजारों भाविक पायीं तोडतात. बऱ्याच वर्षांपूर्वीं आजीबरोबर असाच चालून आलेला माझा एक विद्यार्थी इतिहासाच्या तासाला उभा राहिला व त्यानें विचारलें, "गुरुजी, देवीनें महाराजांना तलवार दिली, हें खरें का?" मी त्या वेळीं पुराव्याच्या अभिमानांत होतों. "देवी तलवारी वाटीत नसते," असें मीं ताडकन् सांगितलें. वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला, आणि पुढें वर्षभर त्यानें मला एकही प्रश्न विचारला नाहीं. माझें उत्तर चूक होतें असें नव्हे; तें अपुरें होतें. तें आज पुरें करण्याचा मानस आहे.

शिवरायांच्या आश्रयास असलेल्या कवींद्र परमानंदानें 'शिवभारत' हें संस्कृत काव्य रचिलें. १९२७ सालीं तें पुण्यास छापून प्रसिद्ध झालें. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफझलखानाची भेट झाली. त्या भेटीपूर्वीं देवी तुळजा राजांना दर्शन देते आणि मीच तुझी तलवार झालें आहें, अशा अर्थाचें अभय देते, असें परमानंद सांगतो. पुढें जिंजीस बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद याच प्रसंगीं भवानीच्या दृष्टांताचें वर्णन करतो. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. परमानंदाची देवी बाहेरून शस्त्र आणून देत नाहीं. हातीं असलेल्या शस्त्रांत ती स्वतः उतरते. देवी राजांस खड्ग देत आहे, हें चित्र मात्र लोकांच्या मनांत ठसलें. तुळजापुरास नवरात्रांत 'भवानी तलवार' अलंकार महापूजा मांडतात, तींत हेंच दृश्य असतें.

दिव्य वस्तूंच्या अशा कथा इतरत्रही आहेत. आपल्याकडे समुद्रमंथनांतून निघालेलीं चौदा रत्नें, तर ब्रिटन बेटाच्या पश्चिमेकडील वेल्स देशाच्या जुन्या हस्तलिखितांत तेरा अद्भुत वस्तूंची यादी! त्यांतील एका कढईंत भित्र्या माणसाचें मांस म्हणून शिजत नाहीं. ऱ्हिदेर्ख नामक उदार राजाची तलवार कुलवंतानें उपसली कीं मुठीपासून टोंकापर्यंत पेट घेते. राजा ती मागेल त्यास देई. परंतु हा गुण कळतांच मागणारा ती परत करी. म्हणजे वस्तु फुकट मिळत होती, कसोटी मात्र कोणास नको होती!

आपलें महाभारत याहून पुढें जातें. अग्नीनें वरुणाकडून अर्जुनास गांडीव मिळवून दिलें. श्रीकृष्णाच्या निधनानंतर द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन जात असतां लुटारूंनीं गांठलें, तेव्हां धनुष्य तेंच होतें, हातही तेच होते. परंतु अर्जुनाचें कांहीं चाललें नाहीं. अखेर महाप्रस्थानाच्या वेळीं त्यानें तें पाण्यांत सोडून दिलें. इंग्रजी कथांतील आर्थर राजाची तलवारही शेवटीं तळ्यालाच परत जाते. दिव्य शस्त्र हें इनाम नव्हे; तें कार्यापुरतें सोंपविलेलें असतें.

मग भवानी तलवार आज आहे कोठें? साताऱ्याच्या राजघराण्यांत त्या नांवानें एक तलवार पूजिली जाते. १८७५-७६ सालीं प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानांत आले असतां कोल्हापूरच्या छत्रपतींकडून त्यांना एक तलवार नजर झाली. ती ब्रिटिश राजसंग्रहांत आहे. तिलाच भवानी समजून १९८० नंतर मुख्यमंत्री अंतुले यांनीं ती परत आणण्याचा प्रयत्न केला. अभ्यासक मात्र तिला 'जगदंबा' या नांवानें ओळखतात. हा शोध अवश्य चालावा. इतिहासाचें तें कर्तव्यच आहे.

परंतु त्या मुलाला मीं असें सांगावयास हवें होतें : "बाळ, पोलाद कोणत्या भट्टींतून आलें, हें आपण कागदपत्रांत शोधूं. पण प्राणावर बेतलेल्या भेटीस निघालेल्या पुरुषाच्या मागें देवी उभी होती, असें त्याच्याच काळच्या कवीनें लिहून ठेविलें आहे, आणि तुझी आजी त्याच श्रद्धेनें इतकी वाट चालली. पहिली गोष्ट पुराव्यानें तपासावयाची, दुसरी आदरानें समजून घ्यावयाची." एवढें सांगण्यास दोन मिनिटें पुरलीं असतीं.

आपल्या घरीं एखादें मूल हाच प्रश्न विचारील. त्या वेळीं हंसूं नका, आणि खोटेंही सांगूं नका.