कांचेंतील समुद्र आणि शिकारी प्रवाळ



पोवळें हा शब्द उच्चारला कीं बीडसारख्या, समुद्रापासून सुमारें 300 किलोमीटर आंत वसलेल्या गांवीं, डोळ्यांपुढें सराफाची पेढी उभी राहते. मंगळाच्या अंगठींत बसवावयाचें तें तांबडें रत्न! त्याला एके काळीं तोंड होतें, पोट होतें आणि भूकहि लागत होती, ही कल्पना अंगठी घालणारास सहसा शिवत नाहीं. वास्तविक तें रत्न म्हणजे भूमध्य समुद्रांतील असंख्य चिमुकल्या जीवांनीं मिळून उभारलेला सांगाडा होय. आणि ते जीव झाडाच्या फांदीसारखे दिसत असले, तरी पोट भरतात तें शिकारीवर.

हें सांगण्याचें प्रयोजन असें कीं, घरांत कांचेच्या हौदांत खारें पाणी भरून त्यांत मासे व जिवंत प्रवाळ एकत्र ठेवण्याचा छंद आज जगांत पुष्कळ पसरला आहे. त्याचीं मोहक चित्रें पाहून आपल्या दिवाणखान्यांतहि असा लहानसा समुद्र असावा, असें आमच्या बीडकडील तरुणास वाटलें तर नवल नाहीं. चित्रांत प्रवाळ फुलांसारखे दिसतात आणि मासे फुलपांखरांसारखे. येथेंच चित्र फसवें ठरतें.

प्रवाळाचा एक जीव म्हणजे एक नळी समजा. वरच्या टोंकास तोंड, तोंडाभोंवतीं स्पर्शकांचें कडें, आंत पोट. स्पर्शकांवर सूक्ष्म दंशकोश असतात व प्रत्येकांत एक धागा गुंडाळून ठेवलेला असतो. भक्ष्य टेकलें कीं धागा सुटतो व विष टोंचलें जातें. पुष्कळ प्रवाळांच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल वस्तीला असतें. तें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानास पोसतें. असे प्रवाळ शिकार करतात ती तोंडीलावण्यापुरती, असें म्हटलें तरी चालेल. परंतु नारिंगी-पिवळ्या सूर्यप्रवाळाजवळ हें शैवाल नसतें. त्याचें सारें जीवन भक्ष्यावर. हौदांत त्याला हातानें भरवावें लागतें, आणि उरलेलें अन्न कुजून पाणी बिघडतें तें निराळेंच.

माशांचा खरा वैरी म्हणजे प्रवाळांचा एक निकटचा आप्त. त्याचा आकार हत्तीच्या कानासारखा पसरट, ताटाएवढा. लहान मासा विसाव्यासाठीं त्यावर आला कीं कडा हळूहळू वर उचलतात आणि बटव्याची दोरी ओढावी तसें तोंड मिटतें. समुद्रफुलांत निर्भयपणें राहणारा विदूषक मासाहि, हें आपलेंच घर अशा समजुतीनें, कधीं कधीं त्यांत शिरतो व परत येत नाहीं. यासाठीं अशा प्राण्याच्या शेजारीं तळाशीं बसणारे, मंद किंवा बोटाएवढे मासे ठेवूं नयेत. उलट बाजूनेंहि सावध असावें: फुलपांखरी नांवाच्या माशांपैकीं अनेक जण प्रवाळच कुरतडून खातात! शिवाय प्रवाळ एकमेकांशींहि भांडतात. रात्रीं कित्येकांचे लांब स्पर्शक बाहेर पडून शेजाऱ्यास चटके देतात, आणि कांहीं तर पोटांतील तंतु बाहेर काढून शेजाऱ्यास जागच्या जागीं पचवितात. शेजारधर्माचा हा मासला आपण पाहिला नसेल.

आतां बीडची गोष्ट. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे 200 लिटरच्या हौदास 7 किलो खास मीठ हवें. स्वैपाकाचें चालत नाहीं. पाण्याची उष्णता 25 अंशांच्या आसपास राखावयाची, आणि आपला उन्हाळा 40 अंशांच्या वर! वाफ होऊन उडतें तें पाणी. मीठ मागें राहतें व खारेपणा रोज वाढतो. विहिरीचें जड पाणी ओतून ती तूट भरतां येत नाहीं, शुद्ध केलेलें पाणीच लागतें. वीज कांहीं तास गेली तर पाण्याचा प्रवाह थांबतो, प्राणवायु कमी होतो, आणि एक मासा मेला तर त्याच्या कुजण्यानें बाकीचेहि संकटांत येतात.

या सर्वांवर मात करणारा हौशी माणूस निघेलहि. पण कायद्याचें काय? वन्य जीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या पहिल्या अनुसूचींत 2001 सालीं पाषाणप्रवाळांच्या सर्व जाती, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे समाविष्ट झाले. वाघास जें संरक्षण, तेंच यांस. कोणी दुकानदार पेटींतून जिवंत पाषाणप्रवाळ दाखवूं लागला, तर तेथून उठून जावें हें उत्तम. आपल्या महाराष्ट्राचे प्रवाळ पाहावयाचे तर मालवणास जावें. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरांतील समुद्र 1987 सालीं अभयारण्य ठरला आहे.

आणि मालवणास जाणें न जमल्यास? प्रवाळाचा एक गरीब नातेवाईक गोड्या पाण्यांत राहतो. त्याचें नांव हायड्रा. स्वच्छ, संथ पाण्यांतील पाणवनस्पति आणून कांचेच्या भांड्यांत स्वस्थ ठेवली तर पानाच्या पाठीवर तो कित्येकदां सांपडतो: दोऱ्याच्या तुकड्याएवढा, टोंकास पांच-सहा हात. अब्राहाम ट्रेंब्ले या शिक्षकानें हेगजवळ त्याचे दोन तुकडे केले, तों प्रत्येकाचा पूर्ण जीव झाला. त्याचा ग्रंथ 1744 सालीं निघाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंतहि या प्राण्यावर पुष्कळ काम झालें आहे. त्याचा दंशकोश कसा फुटतो हें 2006 सालीं मोजलें गेलें, तेव्हां सुईचा झटका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनहि कमी वेळांत पुरा होतो असें दिसलें.

साधें भिंग घेऊन बसावें. पाणपिसू हाताला लागतांच धडपडते, मग थांबते. हात वळतात, तोंड रुंदावतें, आणि थोड्या वेळानें नळीच्या मध्यें फुगवटा दिसूं लागतो. माशांचीं नुकतीं जन्मलेलीं पिलें असतील त्या भांड्यांत मात्र हायड्रा राहूं देऊं नये. तीं त्याच्या तावडींत सांपडतात. त्याला वेगळ्या वाटींत ठेवून पाणपिसवा देत गेल्यास कांहीं दिवसांनीं त्याच्या कुशीस अंकुर फुटतो, अंकुरास इवले हात येतात, आणि आईपासून सुटण्यापूर्वींच तेहि पाण्यांत पसरून भक्ष्याची वाट पाहूं लागतात.